सिग्नल पूर्ण, तरी आवाज तुटका

अमेरिकेत सिॲटलभोवती पसरलेल्या किंग काउंटीत पोलीस आणि अग्निशमन दल एकाच डिजिटल रेडिओ जाळ्यावर बोलतात. जुनी यंत्रणा बदलण्यासाठी एप्रिल 2015 मध्ये तिथल्या मतदारांनी 27 कोटी 30 लाख डॉलरची करवाढ मंजूर केली. हे जाळं ‘ट्रंक्ड’ आहे. अशा जाळ्यावरचं बोलणं स्कॅनरवर ऐकू पाहणाऱ्यांना एक कोडं वारंवार पडतं. मनोरा जवळ, सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण, आणि आवाज मात्र तुटक!

पूर्वी प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असे. पोलिसांची धावपळ चालू असताना शेजारच्या खात्याची फ्रिक्वेन्सी रिकामी पडून राही. ट्रंकिंगमध्ये मोजक्या फ्रिक्वेन्सी सगळे मिळून वापरतात. जवानाने बटण दाबलं की त्याचा वॉकीटॉकी आधी कंट्रोल चॅनेलवर विनंती पाठवतो. मध्यवर्ती संगणक रिकामी फ्रिक्वेन्सी शोधतो आणि अमुक गटाने तिथे जावं असं जाहीर करतो. फलाट बदलल्याची घोषणा ऐकून प्रवासी पळतात, तसे त्या गटाचे सगळे वॉकीटॉकी क्षणात तिकडे वळतात. याच बोलण्याचं उत्तर दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर येऊ शकतं.

त्यामुळे साध्या स्कॅनरला प्रश्न एका खात्याचा आणि उत्तर दुसऱ्याचं ऐकू येतं. ट्रंकिंग स्कॅनर आधी कंट्रोल चॅनेल वाचतो. साध्या रिसीव्हरवर हा चॅनेल म्हणजे नुसती अखंड खरखर, पण त्या खरखरीत सेकंदाला 9,600 बिट धावत असतात. कोणता गट कुठे बोलतोय, हे त्यातूनच कळतं.

अमेरिकेतल्या या यंत्रणा बहुतांशी ‘प्रोजेक्ट 25’ या मानकावर चालतात. त्याच्या पहिल्या टप्प्यात आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात. एकेक तुकडा 88 बिटांत मावतो. चुका दुरुस्त करण्यासाठी त्याला आणखी 56 बिट जोडतात. थोड्या चुका त्यातून निस्तरतात, फार झाल्या तर तुकडाच गायब होतो. जुन्या ॲनालॉग रेडिओवर खरखरीतूनही शब्द लागायचा. इथे तशी सोय नाही.

मग पूर्ण सिग्नलमध्ये एवढ्या चुका येतात कुठून? बऱ्याच काउंट्यांत अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर, जीपीएसच्या घड्याळाने वेळ जुळवून, एकच संदेश एकदम पाठवतात. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते. दोन मनोऱ्यांच्या अंतरात 15 किलोमीटरचा फरक असेल, तर दुसरी लहर 50 मायक्रोसेकंद उशिरा पोचते. दोन बिटांचं एक चिन्ह हवेत 208 मायक्रोसेकंद टिकतं. म्हणजे जवळजवळ पाव चिन्हाची सरमिसळ होते. दोन्ही लहरी जोरकस असतात, पण त्यांच्या मिश्रणातून बिट ओळखताना साधा स्कॅनर गोंधळतो.

अशा वेळी छपरावर उंच ॲन्टेना चढवली, तर आणखी मनोरे ‘दिसू’ लागतात आणि दुखणं वाढतं. एकाच मनोऱ्याकडे रोखलेली यागी ॲन्टेना लावावी, नाहीतर आहे तीच ॲन्टेना हात-दोन हात सरकवून पाहावी. 2018 मध्ये आलेल्या युनिडेनच्या एसडीएस 100 सारखे स्कॅनर लहरीची तीव्रता आणि कला दोन्ही टिपतात, म्हणून ते या गोंधळातही पुष्कळदा तग धरतात.

कूटबद्ध संदेशापुढे मात्र कोणतीही ॲन्टेना चालत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी 2023 पासून आपले चॅनेल कूटबद्ध करायला घेतले. अमेरिकेच्या 1986 च्या केंद्रीय कायद्यानुसार कूटबद्ध नसलेले असे संदेश ऐकायला मुभा आहे. काही राज्यांत गाडीत स्कॅनर बाळगण्यावर बंधनं आहेत. भारतात पोलिसांचं बिनतारी संभाषण परवानगीशिवाय ऐकणं बेकायदा आहे.

रुग्णाची खासगी माहिती आणि चालू कारवाई गुप्त राहायलाच हवी. पण वणवा, पूर, रस्ता बंद अशा वर्दीवर शेजारच्या वस्तीचा जीव अवलंबून असतो. ज्यांच्या करातून मनोरे उभे राहतात, त्या नागरिकांसाठी निदान एवढे चॅनेल खुले राहिले पाहिजेत.