जुन्या स्पोर्ट्स कारचे अस्तर : आवाजाचा माल वेगळा, उष्णतेचा वेगळा

जुन्या हौसेच्या मोटारी नव्यासारख्या करून देण्याचे काम आपल्यातील बऱ्याच कारागिरांच्या हाती आहे. पत्र्याचे काम करणारे, सीट व कुशन शिवणारे, कार्पेट-रेक्झिनचे दुकानदार आणि आखातातील गॅरेजमध्ये नोकरीला गेलेले आपले तरुण, या सर्वांचा या धंद्याशी कुठे ना कुठे संबंध येतो. इंजिनाबद्दल मी येथे काही सांगणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. माझा धंदा कापडाचा. परंतु गाडीच्या गालिच्याखाली जो नमदा किंवा फेल्ट घातला जातो तो कापडाच्याच बाजारातून जातो, आणि त्याच्याच बाबतीत गिऱ्हाइकाचे सर्वांत जास्त नुकसान होते.

गिऱ्हाईक येते आणि सांगते, "गाडी आतून तापते, आवाजही फार करते, काहीतरी चांगले अस्तर टाका." दुकानदार हाताशी असलेला एक रोल दाखवतो आणि सांगतो की याने दोन्ही थांबेल. येथेच चूक होते. आवाज आणि उष्णता या दोन निराळ्या तक्रारी आहेत, आणि आवाजाचेही पुन्हा प्रकार आहेत. एकाच मालाने सर्व कामे होत नाहीत.

समजायला सोपे जावे म्हणून एकच गाडी डोळ्यांपुढे ठेवू. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० पर्यंत 'एमजीबी' ही गाडी तयार होत होती. दोन आसने, कापडी टप, १७९८ सी.सी.चे इंजिन. बंद टपाचा 'जीटी' हा प्रकार धरून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, म्हणून जगभर तिचे सुटे भाग मिळतात आणि दुरुस्तीची कामेही चालू असतात. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. तळाचा पत्रा, मधला गिअरबॉक्सचा बोगदा आणि दाराखालची पोकळ पेटी, जिला सिल म्हणतात, हेच सगळे मिळून गाडीचा भार उचलतात. तळाचा पत्रा सडला म्हणजे केवळ भोक पडले असे नव्हे, गाडीची कंबरच गेली. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण अस्तराचा विचार शेवटी पाण्यापाशी येतो.

अस्तर विकत घेण्याआधी गाडी नीट तपासावी. पुढच्या पत्र्यातून, म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्या मधल्या भिंतीतून, तारा, केबल आणि हीटरचे पाइप आत येतात. त्या भोकांचे रबरी ग्रोमेट पन्नास वर्षांत कडक होऊन गळून पडलेले असतात. आवाजाच्या शास्त्राचा हिशेब असा आहे की भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी ती भिंत, कितीही जाड असो, सुमारे वीस डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. चार रुपयांचा ग्रोमेट न बसवता हजारोंचे अस्तर घालणे म्हणजे दार उघडे ठेवून खिडकीला जाड पडदे लावणे. या भोकांतून गरम हवा आणि इंजिनाचा धूरही आत येतो. सायलेन्सरचा सांधा फुटका असेल, इंजिनाखालचे रबर बसले असेल, तर ते आधी मेकॅनिककडून करून घ्यावे.

आता पत्र्याकडे येऊ. मोकळ्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. 'ठण्ण' असा लांब आवाज आला तर तो पत्रा इंजिनाबरोबर थरथरतो आहे. अशा जागी ब्युटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली चिकटपट्टी लावतात. पत्रा वाकायला लागला की रबर ताणले जाते आणि त्या कंपनाची ताकद किंचित उष्णता होऊन जिरते. पुन्हा ठोका, 'ठप्प' असा आवाज येईल. हे काम सगळा पत्रा झाकून करायचे नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, एकूण क्षेत्रफळाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढे तुकडे पुरतात. जेथे पत्र्याला कंगोरे आहेत तेथे तो मुळातच ताठ असतो, तेथे पट्टी वाया जाते. विकणाऱ्याला पूर्ण तळ झाकण्यातच फायदा असतो, हे मी व्यापारी असूनच लिहितो.

बाजारात याच रंगरूपाची, वर चांदी आणि खाली डांबर असलेली पट्टीही मिळते. ती घराच्या गच्चीची गळती थांबवण्यासाठी असते. उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास मारते, उभ्या बाजूवरून ओघळते. ओळख अशी की तुकडा थोडा गरम करून वास घ्यावा. डांबराचा वास लपत नाही.

ही पट्टी थरथर थांबवते, हवेतून येणारा आवाज मात्र थांबवत नाही. त्यासाठी वजन लागते. पूर्वी शिशाचा पातळ पत्रा वापरीत, आता भुकटी भरून जड केलेले विनाइल मिळते, साधारण अडीच मिलिमीटर जाड आणि चौरस मीटरला पाच किलोच्या आसपास. पडद्याचे वजन दुप्पट केले तर अडवणूक फार तर सहा डेसिबलने वाढते, आणि माणसाच्या कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे दहा डेसिबलची घट लागते. म्हणजे चार चौरस मीटर विनाइल टाकले की वीस किलो वजन वाढले. एमजीबी हजार किलोच्या आतबाहेरची गाडी. ती हलकी म्हणूनच चालवायला मजा. माझे मत असे की हा जड पडदा पुढच्या भिंतीवर आणि बोगद्यावर घालावा, बाकी ठिकाणी सोडून द्यावा. शिवाय कापडी टप असलेल्या गाडीत वेग वाढला की वाऱ्याचा आवाज टपातून आणि काचेच्या कडेने येतो. त्याला खालून कितीही अस्तर घातले तरी उपाय नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगितले म्हणजे नंतर वाद होत नाही.

आता माझ्या विषयाकडे, फेल्टकडे येतो. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत कार्पेटखाली जूट आणि चिंध्यांच्या धाग्यांचा फेल्ट असे. बंगालचा ताग जहाजातून स्कॉटलंडमधील डंडी शहरात जाई, तेथे त्याच्या गिरण्या होत्या. चिंध्यांचे काम यॉर्कशायरमधील बॅटली आणि ड्यूजबरी या गावांचे. जुने लोकरी कपडे फाडून पुन्हा धागा काढण्याची रीत बॅटलीत १८१३ साली बेंजामिन लॉ याने सुरू केली, आणि त्या मालाला 'शॉडी' नाव पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गिरण्यांत गुजरातेतून आणि पाकिस्तानातून गेलेल्या आपल्या भावांनी रात्रपाळ्या केल्या, त्यांची मुलेनातवंडे आजही त्या गावांत आहेत. पुढे हा धंदा आपल्या पानिपतात रुजला. इंग्रजीत 'शॉडी' शब्दाचा अर्थ हलका माल असा झाला, पण मूळ लोकरी शॉडी आवाज पिण्याच्या बाबतीत मुळीच हलकी नव्हे. धाग्यांच्या गुंत्यात हवा अडकते, त्या हवेतून जाताना आवाज दमतो. उष्णताही याच अडकलेल्या हवेने अडते.

दोष एकच आणि तो मोठा. फेल्ट पाणी पितो. एमजीबीच्या टपातून, दाराच्या रबरातून आणि काचेखालून पाणी येणारच. कार्पेट वरून सुकते, खालचा फेल्ट आठवडाभर ओला राहतो आणि पत्रा त्याच्याखाली गंजतो. कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तर हा फेल्ट चार महिने सुकतच नाही. म्हणून तळाला माझी पसंती बंद छिद्रांच्या फोमला आहे. एअरकंडिशनच्या पाइपांवर काळा रबरी फोम चढवतात, तो नायट्राइल रबराचा असतो आणि पाणी शोषत नाही. तुकडा पाण्यात दाबून धरा, पिळा, पुसून वजन करा. वजन वाढले तर तो उघड्या छिद्रांचा आहे, तळाला नको. मूळ फेल्टच हवा असा गिऱ्हाइकाचा हट्ट असेल तर तो चिकटवू नये, बटणांनी किंवा सुटा बसवावा, म्हणजे भिजल्यावर काढून वाळवता येईल. सिलमध्ये तर फोम कधीच भरू नये. त्याच्या तळाला पाणी निघून जाण्याची भोके असतात, ती बुजली की पेटी आतून खाल्ली जाते.

फेल्ट कशाचा आहे हे लेबलावरून कळत नाही. आम्ही कापडवाले जाळून पाहतो, तेच येथे करावे. उघड्यावर, चिमट्यात धरून, पेट्रोल आणि रसायनांपासून दूर. लोकर जळताना केसांसारखा वास येतो, काळी राख चुरगळते आणि ज्योत बाजूला घेतली की बहुधा आपोआप विझते. ताग आणि सूत कागदासारखे जळतात, ज्योत विझली तरी निखारा आत सरकत राहतो. हा लपलेला निखारा मोटारीत फार वाईट. पॉलिस्टर आकसून वितळते आणि कडक मणी होतो. अ‍ॅक्रिलिक काजळी सोडत भराभर जळते, आणि हल्लीच्या शॉडीत लोकरीच्या नावाखाली अ‍ॅक्रिलिक बरेच असते. पॉलिप्रॉपिलीनला मेणासारखा वास येतो आणि त्याचा धागा पाण्यात बुडवला तरी वर येतो. ते १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, पॉलिस्टर २५५ ते २६० अंशांना. एग्झॉस्टच्या वरच्या पत्र्यावर पॉलिप्रॉपिलीनचे कार्पेट घालू नये, एवढे या आकड्यांवरून समजावे.

कुशनचा साधा पॉलियुरेथेन फोम तर अस्तराला वापरूच नये. तो जळताना जो दाट धूर निघतो त्यात हायड्रोजन सायनाइड असतो, आणि दोन आसनांच्या छोट्या गाडीत माणसाला बाहेर पडायला फार वेळ मिळत नाही. मोटारीच्या आतल्या मालासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. अमेरिकेत १९७२ पासून नियम आहे की असा माल आडवा धरून जाळला असता आग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जलद सरकू नये. घाऊक माल घेताना या चाचणीचा दाखला मागावा. दाखला नाही तर तो माल घराच्या गालिच्याखाली विकावा, गाडीत नको.

उष्णतेची गोष्ट वेगळी. एमजीबीच्या इंजिनाला कार्बोरेटर आणि एग्झॉस्टचा मॅनिफोल्ड दोन्ही डाव्या बाजूला आहेत. म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याचे पाय भाजतात, चालवणाऱ्याचे कमी. तेव्हा दोन्हीकडे सारखा खर्च करण्याचे कारण नाही. तापलेल्या लोखंडातून उष्णता किरणांच्या रूपाने फेकली जाते, आणि ती परतवायला चकचकीत अ‍ॅल्युमिनियम उत्तम, नव्वद टक्क्यांहून अधिक परत फेकते. मात्र अट अशी की त्याच्या समोर मोकळी हवा पाहिजे. कार्पेट आणि पत्रा यांच्यामध्ये दाबलेली चांदी काहीही परतवत नाही, कारण धातू धातूला चिकटला की उष्णता सरळ पुढे जाते. चांदीचे अस्तर विकले जाते ते बहुतेक याच चुकीच्या जागी. योग्य जागा बाहेर आहे. एग्झॉस्टचा पाइप आणि तळाचा पत्रा यांच्यामध्ये, दोन्हीपासून बोटभर अंतर ठेवून, अ‍ॅल्युमिनियमची ढाल बसवावी. आतल्या बाजूला मग साधा फोम पुरतो. पत्र्याचे काम करणाऱ्याला ही ढाल तासाभराचे काम आहे आणि महागड्या रोलपेक्षा तिचा गुण जास्त.

जुन्या गाडीतले मूळ उष्णतारोधक तुकडे, कार्बोरेटरजवळचे पांढुरके पुठ्ठ्यासारखे पॅड किंवा दोरीसारखे वेष्टन, कोरडे खरवडू नयेत. त्या काळी या जागांना अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरीत. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. तोपर्यंत कारागीर कोणत्या मालकाकडे जाब विचारणार? पाण्याने ओले करावे, बारीक धुळीचा मास्क लावावा, तुकडे अखंड काढून जाड पिशवीत बांधावे. पोरांना हे काम देऊ नये. वाऱ्याच्या नळीने झाडण्याची जी सवय गॅरेजात असते ती येथे बंद.

चिकटवण्याआधी पत्रा गंजमुक्त करून रंगवलेला असावा. रबर सोल्यूशनची वाफ पेट घेते, म्हणून दारे उघडी ठेवावीत आणि बॅटरीची तार काढावी. एमजीबीत बॅटऱ्या आसनांच्या मागे, तळातील झाकणाखाली असतात, सुरुवातीच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन. ते झाकण अस्तराखाली कायमचे चिकटवून टाकलेले मी पाहिले आहे. सुरुवातीच्या गाड्यांत बोगद्यावर गिअरबॉक्सचे तेल पाहण्याची रबरी टोपीही असते, तीही मोकळी राहिली पाहिजे. अशा जागा आधी खडूने आखाव्यात. जुने कार्पेट आणि फेल्ट, कितीही सडलेले असो, काम संपेपर्यंत फेकू नये, त्यावरून कागदाचे खाके काढावेत. नव्या अस्तराची जाडी धरून खाका थोडा मोठा ठेवावा, आणि पेडलखाली तर जाड थर घालूच नये. पेडल पूर्ण खाली जाते का, हे मालकाला बसवून, त्याच्या बुटासह पाहून मगच गाडी हवाली करावी.