केडगावची उमेद

शेतकरी बंधूंनो, पाऊस दगा देतो, कर्ज वाढतं, मन खचतं. अशा वेळी दौंड तालुक्यातलं केडगाव आठवा. पंडिता रमाबाईंचे आईवडील व बहीण दुष्काळात उपासमारीने गेले. १८८२ मध्ये पतीही वारले. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. प्रभूवरच्या श्रद्धेने त्यांना उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या निराधार मुली-विधवांना त्यांनी केडगावी आसरा दिला. प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई शिकवली. एकमेकींच्या आधाराने त्या सावरल्या.

सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनीही ध्यानात ठेवावं : पारावर रोज येणारा माणूस चार दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जा. खचलेला माणूस आपणहून हाक मारत नाही.