गाईच्या खुराकातले ‘चिलेटेड’ म्हणजे काय?



देवळाली कॅम्पहून आम्ही इगतपुरी तालुक्यातल्या ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांवर जातो. तिथे या पावसाळ्यात एक प्रश्न वारंवार आला. गाय माजावर येत नाही, किंवा भरवली तरी उलटते. एका घराने त्यासाठी दोन दिवसांची मजुरी मोडून ‘चिलेटेड मिनरल’चा लहानसा पुडा आणला होता. विकणाऱ्याने सांगितले होते, हेच खरे औषध, बाकी सगळी माती. म्हणून या अंकात त्याविषयी लिहितो.

‘चिलेट’ हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. पावसाळ्यात ओहोळातले खेकडे धरणाऱ्या आपल्या मुलांना तो लगेच कळावा. नांगीने दोन्ही बाजूंनी पकडावे, तसा तांब्याचा किंवा जस्ताचा कण अमिनो आम्लाने, म्हणजे प्रथिनाच्या लहान तुकड्याने, धरून ठेवलेला असतो.

धरून कशासाठी ठेवायचा? मोरचूद म्हणजे साधे तांब्याचे क्षार. ते गाईच्या पोटात विरघळते आणि तांबे मोकळे होते. तिथे चाऱ्यातले गंधक आणि मॉलिब्डेनम त्याला गाठतात, आणि त्यांच्याशी बांधले गेलेले तांबे शेणावाटे निघून जाते. मोठ्या गाईच्या अंगी लागते ते शंभरात जेमतेम पाच भाग. आपल्या घाटाकडे त्यात लोहाची भर पडते. जनावर तांबड्या चिखलातले गवत खाते, गढूळ पाणी पिते, आणि जास्तीचे लोहही तांब्याची वाट अडवते. नांगीत धरलेले तांबे या मारामारीतून काही प्रमाणात वाचते. काही प्रमाणात, असेच म्हणतो, कारण संशोधनातही निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत.

तांबे कमी पडले तर डोळ्यांभोवतीचे केस पांढुरके होतात, डांगी गाईचे काळे ठिपके तांबूस दिसू लागतात, माज लांबतो. जस्त कमी पडले तर कातडी खरखरीत होते, खूर बिघडतात. जनावर हाडे, चिंध्या चघळू लागले तर बहुधा फॉस्फरस कमी आहे, आणि फॉस्फरसचे चिलेट होत नाही. आयोडीन, सेलेनियम यांचेही होत नाही, ते धातूच नव्हेत. तेव्हा पुड्यावर मोठ्या अक्षरांत काहीही छापलेले असो, नांगीत असते ते जस्त, तांबे, मँगनीज असे थोडेच.

भाताच्या पेंढ्यावर जगणाऱ्या गाईला आधी लागते ते साधे, पूर्ण खनिज मिश्रण. आय.एस.आय. शिक्क्याच्या मिश्रणात कॅल्शियम 20 टक्के आणि फॉस्फरस 12 टक्के असते. पिशवीमागचा तक्ता शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. हे दोन आकडे नसतील तर ती पिशवी पुरी नव्हे. मोठ्या गाईला रोज 50 ग्रॅम आंबोणात किंवा कोंड्यात कालवून द्यावे, दूध देणारीला त्याहून जास्त. 50 ग्रॅमने एक किलो वीस दिवस पुरते. चार दिवस देऊन थांबले तर पैसे वाया. चिलेटेडला जास्तीचा पैसा घालायचाच असेल तर विण्याआधीचे आणि नंतरचे काही आठवडे, किंवा साधे मिश्रण नेमाने देऊनही वरची लक्षणे राहिली तर. बारमाही नको, असे माझे मत.

तांबे जास्त झाले तर विष होते. मोरचूद अंदाजाने पाण्यात टाकू नका. दूधपित्या वासराच्या अंगी तांबे मोठ्या गाईपेक्षा कितीतरी जास्त लागते. मेंढ्या तर थोड्या जादा तांब्यानेही दगावतात. गाईचे मिश्रण त्यांना घालू नये.

आणखी एक. माज न येण्यामागे उपासमारही असते, आणि भातखाचरातल्या गोगलगाईंमुळे होणारे यकृतातले चपटे जंतही. जंत असताना महागडा पुडा घालणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणे. म्हणून आधी शेण तपासून घ्यावे. सकाळचे ताजे शेण काडेपेटीएवढ्या डबीत घालून, वर गाईची खूण लिहून, त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावे. जनावर उठत नसेल तर 1962 वर फोन करावा.