पाणकणीस कुठं उगवतं आणि जमिनीबद्दल काय सांगतं?



ओढ्याच्या कडेला, पाझर तलावाच्या शेपटीला, कालव्याच्या खालच्या अंगाला पुरुषभर उंच वाढणारं पाणकणीस आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. काही भागांत याला रामबाणही म्हणतात. पोरं कणीस मोडतात आणि त्यातला कापूस वाऱ्यावर उडवतात. तळ्यात ते शोभून दिसतं. पण तेच पाणकणीस तुमच्या निचऱ्याच्या चरात किंवा उसाच्या फडात डोकं वर काढू लागलं, तर समजा की जमीन तुम्हाला काही सांगते आहे.

ओळख

पाणकणसाची पानं चपटी, लांब आणि तलवारीच्या पात्यासारखी सरळ असतात. मधल्या दांड्यावर मखमलीसारखं तपकिरी कणीस येतं. पुष्कळ जण नळ आणि पाणकणीस एकच समजतात. तसं नाही. नळाला बांबूसारखी पेरं असतात, दांडा पोकळ असतो आणि शेंड्याला उसाच्या तुऱ्यासारखा तुरा येतो. दोघांना लागते मात्र एकच गोष्ट, ती म्हणजे पाय सतत ओले राहणं.

कुठं उगवतं?

एका कणसात लाखावर बी असतं. बी बारीक, त्याला कापूस चिकटलेला, म्हणून ते वाऱ्यावर कोसभर जातं. पण पडेल तिथं रुजत नाही. त्याला उघडा, ओला चिखल आणि ऊन लागतं. एकदा रुजलं की चिखलात हळदीच्या गड्ड्यासारखं आडवं खोड पसरतं आणि त्यातून कोंब फुटत जातात. थोड्याच काळात एका रोपाचं बेट होतं.

पाण्यात बुडालेल्या चिखलात हवा नसते. तिथं ऊस, गहू, हरभरा यांची मुळं गुदमरतात. पाणकणसाच्या पानांत मात्र पोकळ कप्पे असतात आणि त्यांतून हवा थेट मुळापर्यंत पोचते. म्हणून गुडघाभर ते कमरेएवढ्या पाण्यात ते खुशाल राहतं. त्याहून खोल पाण्यात त्याचा जोर कमी होतो. थोडं खारं पाणीही ते सोसतं.

शेजारी कोण कोण?

तळ्याची कड नीट बघा. प्रत्येक वनस्पतीची जागा ठरलेली असते. खोल पाण्यात बुडून राहणाऱ्या वनस्पती, त्याच्या अलीकडे कमळ, कुमुद आणि शिंगाडा. उथळ पाण्यात पाणकणीस आणि नळ. काठाच्या ओल्या मातीत लव्हाळा, माका, ब्राह्मी, तालिमखाना. त्याच्यावर, पाणी ओसरतं तिथं हरळी. गावचं सांडपाणी मिसळलं की या मेळ्यात जलपर्णी माजते आणि काठाला बेशरम उभी राहते. या दोघी मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या.

धरणात गाळ साठला की पाणी उथळ होतं आणि ही सगळी मंडळी पुढं सरकतात. निफाड तालुक्यात गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यात असंच झालं. गाळाची बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी आले. २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून त्याची नोंद झाली.

शेतात दिसलं तर?

चरात पाणकणीस आहे याचा अर्थ चराचं पाणी वाहत नाही, तुंबतं. फडात आहे याचा अर्थ वरचा थर महिनोन्‌महिने ओला आहे. निरा कालव्याच्या पट्ट्यात आणि कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात भारी काळ्या जमिनी अशाच बिघडल्या. पाणी जास्त दिलं, निचरा नाही, मग खालचं पाणी वर आलं. ते उन्हानं उडून जातं, क्षार मात्र मागं राहतात. जमिनीवर पांढरं मीठ फुटतं, उगवण विरळ होते.

म्हणून एक परीक्षा करा. शेतात पाच फूट खोल खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी किती वर आलं ते बघा. पाच फुटांच्या आत पाणी दिसलं तर आधी निचऱ्याचं काम हाती घ्या. मातीचा नमुनाही तपासून घ्या. जिप्सम प्रत्येक जमिनीला लागत नाही, ते चोपण जमिनीला लागतं. आणि निचरा नसेल तर टाकलेलं जिप्सम वाया जातं. चर एकट्यानं काढून भागत नाही. पाणी शेवटी ओढ्याला मिळालं पाहिजे, म्हणून खालच्या शेजाऱ्याला बरोबर घ्या.

काढायचं कसं?

जाळून उपयोग नाही, खालचं खोड जिवंतच राहतं. नांगरून तुकडे केले तर ओल्या मातीत तुकड्या-तुकड्याला कोंब येतो. पाणी साठलेल्या जागी हिरवी आणि वाळलेली, दोन्ही पानं पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापा. हवेची नळी तुटते, आत पाणी शिरतं आणि खोड कुजतं. पुन्हा फुटलं तर पुन्हा कापा. लहान बेट असेल तर खोडासकट खणून काढा. कणीस पिकून फुटायच्या आत हे काम उरका. पिण्याच्या किंवा गुरांच्या पाण्यात तणनाशक मारू नका.

सगळीकडे काढू नका!

ओढ्याच्या काठाला आणि तलावाच्या तोंडाशी पाणकणीस गाळ अडवतं, माती धरून ठेवतं. जांभळी पाणकोंबडी त्यातच घर करते. नळ आणि पाणकणीस लावून सांडपाणी शुद्ध करण्याची पद्धतही आहे. जर्मनीत १९५० च्या दशकात त्याचे प्रयोग सुरू झाले. तेव्हा तळ्याकाठी असेल तर राहू द्या, चरात असेल तर काढा, आणि फडात असेल तर त्याला उपटण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. पाणी हटलं नाही तर पाणकणीस परत येईल. पाणी हटलं की ते आपणहून जाईल.