पहिल्या पगाराआधीचा हप्ता

शैक्षणिक कर्जाची परतफेड पदवी हातात पडताच सुरू होत नाही. इंडियन बँक्स असोसिएशनने आखून दिलेली आदर्श योजना बहुतेक सरकारी बँका पाळतात. तिच्यानुसार अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता नसतो. नंतर जास्तीत जास्त १५ वर्षांत कर्ज फेडायचे असते. ते मधले वर्ष नोकरी शोधण्यासाठी दिलेले आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या मुलामुलींना नेमके हेच वर्ष जड जाते. बँकेने धरलेला नोकरीचा काळ आणि खानदेशात प्रत्यक्षात नोकरी लागण्याचा काळ यांचा मेळच बसत नाही.

खानदेशात कर्ज काढून शिकण्याची वेळ आली ती महाविद्यालये घराजवळ आल्यावर. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच सुमारास जळगावजवळ बांभोरीला, फैजपूरला आणि धुळ्याला अशी महाविद्यालये उभी राहिली. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. २००१ मध्ये शिरपूरला आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. ज्या शिक्षणासाठी आधी पुण्या-मुंबईला जावे लागे ते एसटीच्या पासवर मिळू लागले, ही मोठीच गोष्ट झाली. पण सरकारी महाविद्यालयांतल्या जागा मोजक्या, आणि उरलेल्यांचे शुल्क कापूस किंवा केळीच्या एका हंगामातून निघणारे नव्हते.

राज्याच्या शिष्यवृत्त्यांनी हा भार बराच हलका केला आहे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांचे निम्मे शिक्षण शुल्क भागते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्न मर्यादेत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. तरी खोलीभाडे, मेस, लॅपटॉप हा खर्च उरतोच, आणि कर्ज उरते.

ते किती उरते, हे एका हिशेबातून दिसते. समजा, चार वर्षांच्या पदवीसाठी दर वर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख रुपये उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. शिक्षणाच्या काळात सरळ व्याज लागते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. म्हणजे पहिला हप्ता येईपर्यंत १ लाख ४० हजार रुपये व्याज साचते. ते मुद्दलात मिळवले जाते आणि हप्ता ५ लाख ४० हजारांवर बसतो. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे ७,१३५ रुपये, पंधरा वर्षांची घेतली तर ५,८०० रुपये. लांब मुदतीचा हप्ता सोसवतो, पण एकूण परतफेड साडेआठ लाखांवरून जवळपास साडेदहा लाखांवर जाते. घरात बहुतेकांच्या डोक्यात मात्र ‘चार लाखांचे कर्ज’ एवढेच असते, आणि पहिल्या हप्त्याचा आकडा बघून धक्का बसतो.

यातले साचलेले व्याज अनेकांना भरावेच लागत नाही. केंद्र सरकारच्या २००९ पासूनच्या व्याज अनुदान योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर अभ्यासक्रम अधिक एक वर्ष एवढ्या काळाचे व्याज सरकार भरते. अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा, आणि २०१८ पासून संस्थेला मानांकन असण्याची अटही आहे. वरच्या उदाहरणात हे अनुदान मिळाले तर हप्ता ४ लाखांवरच बसतो आणि दहा वर्षांच्या मुदतीला ५,२८५ रुपयांच्या आसपास येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. अनुदान आपोआप जमा होत नाही. तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला शाखेत पोचलेला हवा आणि शाखेने मागणी नोंदवलेली हवी. म्हणून हप्ता ठरण्याआधी खात्याचा उतारा काढून अनुदानाची रक्कम जमा दिसते का, हे तपासणे सर्वांत आधी करायचे काम आहे.

आता नोकरीकडे. जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप, प्लास्टिकच्या चटया आणि डाळमिल हे जुने उद्योग आहेत. शहराचा सराफ बाजार दूरवर नावाजलेला आहे. भुसावळला रेल्वेचा विभाग आणि दीपनगरचे वीज केंद्र, भुसावळ आणि वरणगावला संरक्षण उत्पादनाचे कारखाने. धुळ्याला अवधान आणि पुढे नरडाणा इथल्या औद्योगिक वसाहती, शिरपूरला सूतगिरण्या. रोजगार नाही असे नाही. पण यातल्या बऱ्याच कारखान्यांना मशीन चालवणारा, हिशेब सांभाळणारा, माल विकणारा माणूस लागतो. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला त्याच्या विषयाचे काम इथे क्वचित मिळते. शिवाय जिल्ह्याचा भरवसा थोड्याच मोठ्या कंपन्यांवर असतो. २०१९ मध्ये जैन इरिगेशन कर्जाच्या अडचणीत आली, तेव्हा त्याची झळ जळगावच्या पुरवठादारांपर्यंत आणि नोकरीच्या आशेवर असलेल्या घरांपर्यंत पोचली.

म्हणून वाट बाहेरची. भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशी माणूस कित्येक वर्षे सुरतेला जात आला आहे. उधना, लिंबायत भागांत अहिराणी सर्रास कानावर पडते. अभियंते नाशिकच्या सातपूर-अंबडला किंवा चाकण-पिंपरीला जातात, संगणकवाले हिंजवडीला. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्यांचे वार्षिक वेतन अनेक वर्षे साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळले आहे, आणि तेवढेही सर्वांच्या वाट्याला येत नाही. कारखान्यात सुरुवात बहुधा शिकाऊ उमेदवारीने होते. २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन ९,००० रुपये ठरले. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळतात. मुदत आधी सहा महिने होती, ती नंतर अकरा महिने झाली. या पैशात पुण्याचे कॉट बेसिसचे भाडे, मेस आणि ७,००० चा हप्ता एकत्र बसत नाही. पहिल्या वर्षी हप्ता बापाच्या खिशातूनच जातो, हे कर्ज घेतानाच घरात उघड बोललेले बरे.

तरीही कर्ज खरे अडकते ते वेगळ्याच ठिकाणी. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेसाठी बसलेले शेकडो पदवीधर आहेत. एमपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षांपर्यंत बसता येते, त्यामुळे ‘अजून एक प्रयत्न’ म्हणायला जागा राहते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा, निकाल, न्यायालयीन वाद, नियुक्ती यांत एकेक भरती वर्ष-दोन वर्षे घेते. बँकेची सवलत मात्र एकाच वर्षाची. सरकारी नोकरीची ओढ चुकीची नाही. कोरडवाहू शेतीच्या घरात नियमित पगाराचे मोल काय असते, हे खानदेशात कुणाला सांगावे लागत नाही. पण कर्जदाराने अभ्यासिकेत बसायचे ते हप्त्याची सोय लावून. सकाळी शिकवणी किंवा अर्धवेळ काम करून संध्याकाळी अभ्यास करणाऱ्याचे खाते नियमित राहते. दोन वर्षे सगळे सोडून बसणाऱ्याचे थकते.

थकल्यावर काय होते, ते कर्जफेडीचा इतिहास नोंदवणाऱ्या सिबिलच्या अहवालात महिन्यागणिक दिसते. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे चौकोन असतात आणि त्यांत हप्ता किती दिवस उशिरा भरला ते लिहिलेले असते: वेळेवर असेल तर ०००, मग ०३०, ०६०, ०९०. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते अनुत्पादित ठरते. त्याचा घाव थेट नोकरीवर बसतो. सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या जाहिरातींत अलीकडे उमेदवाराचा पतइतिहास चांगला असावा अशी अट आहे; किती गुण हवेत ते प्रत्येक बँक ठरवते. बँकेच्या परीक्षेची तयारी करता करता बँकेचाच हप्ता थकवणाऱ्याला ही अट नियुक्तीच्या तोंडावर आडवी येते. अहवालात तीच थकबाकी सहकर्जदार असलेल्या वडिलांच्या नावावरही चढते, आणि पुढच्या हंगामाच्या पीककर्जाला ती नडते.

कधी कधी थकबाकी निव्वळ तारखेमुळे होते. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. कापण्याची तारीख ५ आणि पगार ७ तारखेला, असे असेल तर हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि अहवालात डाग पडू शकतो. पगाराच्या तारखेनंतरची तारीख मागून घेतली की हा त्रास संपतो.

उत्पन्नच नसेल तर उपाय आहे, पण तो थकण्याआधी करायचा. आदर्श योजनेच्या २०१५ च्या सुधारणेत बेकारीच्या किंवा अपुऱ्या कमाईच्या काळासाठी कर्जाच्या आयुष्यात दोन-तीनदा हप्त्याला सवलत देण्याची तरतूद आहे. कमाई वाढेल तसा हप्ता वाढत जाईल, अशी रचनाही मागता येते. शाखेतून हे आपणहून कुणी सांगेलच असे नाही. अर्ज लेखी करावा, त्यात खाते क्रमांक, अभ्यासक्रम संपल्याची तारीख, सध्याची कमाई आणि किती महिन्यांची सवलत हवी ते लिहावे, शिकाऊ उमेदवारीचे पत्र असल्यास जोडावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सवलतीच्या काळातही व्याज चालूच राहते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

कर्जमाफीची वाट बघणे हा सर्वांत महागडा मार्ग. २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याने पीककर्ज माफ केले, त्यामुळे शैक्षणिक कर्जही कधीतरी माफ होईल असे गावोगाव बोलले जाते. दोन्ही माफ्या शेतीकर्जापुरत्या होत्या. २०१४ मध्ये केंद्राने जुन्या शैक्षणिक कर्जांच्या थकलेल्या व्याजाला दिलासा दिला, २०१७ मध्ये केरळने परतफेडीला मदत केली. पण त्या भरवशावर हप्ता थांबवला तर व्याज आणि डाग दोन्ही वाढतात.

जमीन जाईल का, ही घरातली मोठी धास्ती. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. साडेसात लाखांपर्यंत तारणाऐवजी २०१५ पासूनची पत हमी योजना आहे. त्यापुढे बहुधा तारण लागते. न्यायालयात न जाता तारण जप्त करण्याचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे बँका शेतजमिनीपेक्षा शहरातले घर किंवा प्लॉट तारण म्हणून पसंत करतात, आणि तारण असेल तर धोका त्या घराला असतो.

मुलींच्या बाबतीत एक वेगळा प्रश्न उभा राहतो. पदवीनंतर पुण्याला एकटीने राहायला घर तयार नसते, गावात विषयाचे काम नसते, आणि वर्षभरात लग्न ठरते. कर्ज तिच्याच नावावर राहते, सहकर्जदार वडीलच राहतात. तिची कमाई थांबली तर हप्ता माहेरी येतो. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची चर्चा होते, तिथे तिच्या नोकरीची आणि हप्त्याचीही व्हायला हवी. कर्ज काढून शिकवलेल्या मुलीला घरी बसवणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, आणि त्याची किंमत म्हातारे आईबाप मोजतात.

नोकरी लागल्यावर कर्ज लवकर फेडण्याला अडसर नाही. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, त्यामुळे दिवाळीचा बोनस थेट मुद्दलात भरता येतो. भरलेल्या व्याजावर कलम ८०ई खाली आठ वर्षे प्राप्तिकरात वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. सुरुवातीच्या पगारावर करच नसल्याने तिचा फायदा थोड्यांनाच होतो.

शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घ्यायचा असतो. घर तारण असेल तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ठरवून दिली आहे. मालमत्तेच्या उताऱ्यावर बोजा नोंदवला असेल तर तो कमी करण्यासाठी बँकेच्या पत्रासह अर्ज करावा लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खाते बंद दाखवले आहे का ते पाहावे. नसेल तर दुरुस्तीची तक्रार करता येते, आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे.