माशांच्या टाकीतले जादा नत्र आणि पाणवनस्पती

भोर-वेल्ह्यातल्या शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द नवे नाहीत. चारसूत्री पद्धतीने भात लावताना युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोल, मुळांजवळ खोचतात. खत पाण्याबरोबर वाहून जाऊ नये हा त्यामागचा हेतू. घरातल्या माशांच्या टाकीत नेमकी उलटी अडचण असते. तिथे खत रोज तयार होते आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते.

हे खत येते माशांच्या खाद्यातून. खाद्यात ४० टक्के प्रथिने असतील, तर एका ग्रॅममध्ये सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र असते. त्यातले थोडे माशांच्या वाढीला लागते. उरलेले, समजा पाऊण हिस्सा, कल्ल्यांवाटे, विष्ठेतून आणि न खाल्लेल्या कणांमधून अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरते. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना विषारी असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साचत जाते. १०० लिटरच्या टाकीत रोज एक ग्रॅम खाद्य पडत असेल, तर पंधरवड्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. जोडीला स्फुरद असतेच. मग काचेवर हिरवा थर धरतो.

पाणवनस्पती इथे दुहेरी काम करतात: विष कमी करतात आणि जादा खतही उचलतात. बहुतेक वनस्पती नायट्रेटच्या आधी अमोनियम (अमोनियाचे पाण्यातले दुसरे रूप) उचलतात, म्हणजे विष तयार होताच कमी होऊ लागते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड आणि किंचित अल्कधर्मी असेल, तर ही गोष्ट जास्त मोलाची ठरते. कारण अशा पाण्यात अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो.

मात्र वनस्पती नत्र नाहीसे करत नाही, ती ते पानांत साठवते. पान कुजले की साठा पुन्हा पाण्यात येतो. म्हणून खरे काम छाटणीचे आहे. १०० ग्रॅम ओल्या वनस्पतीत साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम नत्र असते. वरच्या हिशेबाने ते तीन-चार दिवसांच्या खाद्यातून पाण्यात उतरलेले नत्र झाले. तीन-चार दिवसांत एवढी वाढ प्रत्येक टाकीत होत नाही, त्यामुळे आठवड्याला थोडे पाणी बदलणे सुटत नाही.

वनस्पती निवडताना वाढीचा वेग पाहावा. डकवीडसारख्या तरंगत्या वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड थेट घेतात, म्हणून झपाट्याने वाढतात. पण त्यांनी निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नये, नाहीतर खालच्यांना उजेड मिळत नाही. पाण्याखाली हायड्रिला, हॉर्नवर्ट, व्हॅलिस्नेरिया चांगल्या. मनीप्लांटची फक्त मुळे पाण्यात सोडली तरी चालते. अनुबियास दिसते देखणी, पण वाढते फार हळू. नत्र उचलण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

दिव्याचा उजेड रोज आठ तास पुरे. नायट्रेट भरपूर असूनही वाढ खुंटली, तर दुसरे काही कमी पडत असते: कोवळी पाने पिवळी पडली तर बहुधा लोह, जुन्या पानांना बारीक भोके पडली तर पालाश. ते द्यावे लागते, तरच नत्र उचलले जाते. पिवळी, लिबलिबीत पाने दिसताच काढावीत. ओढ्यातून आणलेली वनस्पती आधी काही दिवस वेगळ्या बादलीत ठेवावी. तिच्याबरोबर गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि या अळ्या लहान मासे खातात.

छाटलेला पाला परसातल्या खतखड्ड्यात किंवा कुंडीत टाकावा. ओढ्यात, नदीत कधीही नाही. वेळवंडी नदीचे पाणी भाटघर धरणामार्गे नीरेला मिळते, पानशेत-वरसगाव धरणांचे खडकवासल्याला जाते आणि लाखो लोक ते पितात. पुढे नदीत पुण्याचे सांडपाणी मिसळते आणि नत्र-स्फुरदावर पोसलेली जलपर्णी नदी झाकून टाकते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती वेळीच बाहेर काढली नाही, तर तिथेच कुजते आणि उचललेले सारे नत्र-स्फुरद नदीलाच परत देते. टाकीला लागू असलेला नियम नदीलाही लागू आहे: वाढलेले पाण्याबाहेर काढले, तरच पाणी हलके होते. आपल्या खोऱ्यांतून पाणी निर्मळ निघते. ते तसेच पुढे जावे, ही या छंदाची पहिली अट असली पाहिजे.