मास स्पेक्ट्रोमेट्री व प्रोटिओमिक्स : वैद्याने काय विचारावे?

अलीकडे औषधांच्या माहितीपत्रकांत एक नवे चित्र दिसू लागले आहे. आडव्या अक्षावर उभ्या राहिलेल्या अणकुचीदार रेघांची रांग, तिच्याखाली काही आकडे आणि वर 'प्रथिनांच्या पातळीवर सिद्ध' असा ठळक मथळा. मधुमेहावरील एका चूर्णाचे असेच पत्रक काही काळापूर्वी माझ्या चिकित्सालयाच्या मेजावर होते. त्याने प्रभावित होऊन मी ते मासिक सभेत चार सहकाऱ्यांनाही दिले. माझ्या एका जुन्या रुग्णाने, जे निवृत्त शिक्षक आहेत, ताटकळत बसले असता ते वाचले आणि मला न विचारता पूर्वीच्या गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी त्यांचे एचबीए१सी ७.२ वरून ९.६ वर गेले होते. सुदैवाने ते सावरले. परंतु ज्या रेघांचा अर्थ मला स्वतःला ठाऊक नव्हता, ते पत्रक मी रुग्णांसमोर ठेवले, हा दोष सर्वस्वी माझा. त्याचे परिमार्जन म्हणून हा लेखप्रपंच.

यंत्राचे स्वरूप

मास स्पेक्ट्रोमीटर ही मूलतः एक तुला आहे. फरक इतकाच की ती रेणू तोलते. केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी केलेल्या प्रयोगांतून या तंत्राचा उगम झाला. त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्ये अधिक अचूक उपकरण सिद्ध केले आणि १९२२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्व सोपे आहे. रेणूंना विद्युतभार देऊन निर्वात पोकळीत सोडले असता ते वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तरानुसार परस्परांपासून वेगळे होतात. एका प्रकारच्या यंत्रात तर ही जणू धावण्याची शर्यतच असते. सारख्या विद्युतभाराच्या रेणूंपैकी हलका आधी पोहोचतो, जड मागाहून. पत्रकावरील प्रत्येक रेघ म्हणजे असा एक गट होय. तिची उंची त्या गटाचे सापेक्ष प्रमाण सुचविते.

प्रथिनांचे अवजड रेणू मात्र वायुरूप करू जाता तुटून जात. हा अडसर १९८० च्या दशकात दूर झाला. जपानमधील एका उपकरणनिर्मिती कंपनीतील अभियंते कोइची तानाका यांनी चुकून धातूच्या अतिसूक्ष्म चूर्णात ग्लिसरीन मिसळले आणि ते टाकून न देता लेसर किरणांखाली वापरून पाहिले. प्रथिन अखंड राहिले. अमेरिकेत जॉन फेन यांनी विद्युतभारित तुषारांच्या साहाय्याने तेच साधले. जर्मनीत हिलेनकाम्प व कारास यांनी लेसरची पद्धत अधिक समर्थ केली. २००२ मध्ये तानाका व फेन नोबेलचे मानकरी ठरले. त्या वेळी तानाका ४३ वर्षांचे, विद्युत अभियांत्रिकीचे केवळ पदवीधर होते, हे आपल्यासारख्या पदवीधर चिकित्सकांना सुखावणारे आहे.

प्रोटिओमिक्स म्हणजे काय?

एखाद्या पेशीत किंवा धातूत विशिष्ट वेळी असलेल्या समग्र प्रथिनांच्या संचाला 'प्रोटिओम' ही संज्ञा मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये दिली. यकृताची पेशी आणि त्वचेची पेशी यांची जनुके बव्हंशी एकच. परंतु प्रथिने भिन्न. तीच पेशी ज्वरात, वार्धक्यात वा उपवासात निराळी प्रथिने बनविते. अवस्थेनुसार बदलणारे शरीर आपल्या शास्त्राला नवे नाही. तथापि हे साम्य समजून घेण्यापुरतेच आहे, त्यावरून सिद्धांताची पुष्टी झाली असे मानणे उतावीळपणाचे होईल.

प्रत्यक्ष कामात प्रथिने ट्रिप्सिन या विकराने ठरावीक जागी तोडतात, तुकडे तोलतात आणि संगणकातील ज्ञात प्रथिनांच्या यादीशी ताडून पाहतात. रक्तरसात हे काम विशेष अवघड. त्यातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकटे अल्ब्युमिन असते. तर इंटरल्युकिन-६ सारखे प्रथिन त्याच्या सुमारे दहा अब्जांशाइतकेच. गोण्यांच्या राशीत पडलेला मोहरीचा एक दाणा हुडकण्यासारखे हे आहे.

या तंत्राने दिलेले लाभ निर्विवाद आहेत. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून अनेक जन्मजात चयापचय विकार एकाच चाचणीत ओळखता येतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या जंतूची ओळख त्याच्या प्रथिनांवरून काही मिनिटांत पटते. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये मानवी प्रोटिओमचे दोन आराखडे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखालील आराखड्यात बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता. १७,२९४ जनुकांची प्रथिने त्यात नोंदविली गेली.

एक उद्बोधक प्रकरण

तुला उत्तम असूनही निष्कर्ष चुकतो कसा, हे २००२ मधील एका प्रकरणावरून कळते. त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये अमेरिकेतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. रक्तरसातील रेघांच्या नक्षीवरून त्यांनी बीजाशयाच्या कर्करोगाच्या ५० पैकी ५० स्त्रिया ओळखल्या आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ अचूक वगळल्या. हा कर्करोग बहुधा फार उशिरा उघडकीस येतो. साहजिकच मोठी आशा निर्माण झाली आणि ती चाचणी बाजारात आणण्याची तयारीही सुरू झाली.

संशोधकांनी आपली मूळ आकडेवारी सर्वांना खुली ठेवली होती, ही त्यांच्या बाजूची जमेची गोष्ट. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली, केविन कूम्ब्स आदी तज्ज्ञांनी ती पुन्हा तपासली. त्यांना दिसले की यंत्राच्या निव्वळ गोंगाटाच्या भागातूनही रुग्ण व निरोगी 'वेगळे' करता येत होते. जेथे प्रथिनाची खूण असूच शकत नाही, तेथे फरक दिसत असेल, तर तो रोगाचा नव्हे, हाताळणीचा. नंतरच्या एका संचात तर निरोगी आणि कर्करोगी नमुने बव्हंशी वेगवेगळ्या दिवशी यंत्रावर चढविलेले आढळले. यंत्राने जे तोलले ते खरेच तोलले. परंतु त्याने कदाचित कर्करोग नव्हे, तर सोमवार आणि बुधवार ओळखला!

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. समजा, २,५०० स्त्रियांमध्ये एकीलाच हा रोग आहे आणि चाचणी निरोगी स्त्रियांपैकी ५ टक्के जणींना चुकून रोगी ठरविते. तर एका खऱ्या रुग्णेमागे सुमारे १२५ निरोगी स्त्रिया भयभीत होणार आणि त्यांतील काहींवर अकारण शस्त्रक्रियेची पाळी येणार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये पूर्वमान्यतेवाचून विक्रीस हरकत घेतली; ती चाचणी बाजारात आलीच नाही.

याचा उत्तरार्धही ध्यानात घ्यावा. याच संशोधनक्षेत्रातून निवडलेल्या काही प्रथिनांच्या आधारे सिद्ध झालेल्या एका चाचणीला २००९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु तिचा प्रश्न मर्यादित होता: बीजाशयाची गाठ आधीच आढळली आहे आणि शस्त्रक्रिया ठरली आहे, तेव्हा ती गाठ कर्करोगाची असण्याचा संभव किती? प्रश्न नेमका, म्हणून उत्तरही उपयोगी.

आपल्या औषधशाळेत

त्या पत्रकाचे पुढे काय झाले, ते सांगतो. निर्मात्यास दूरध्वनी करून मी चौकशी केली. रुग्ण बारा होते; तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. औषधापूर्वीचे रक्त एका केंद्रात सकाळी उपाशीपोटी, तर औषधानंतरचे दुसऱ्या केंद्रात दुपारी घेतले होते. अशा स्थितीत बदल औषधाने झाला की जेवणाने, हे कोणते यंत्र सांगणार? सभेत ज्या चार सहकाऱ्यांना पत्रक दिले होते, त्यांना ही हकिकत मी समक्ष कळविली.

म्हणून असे चित्र समोर आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. रुग्ण किती आणि तुलनेचा गट कोणता? सर्व नमुने एकाच पद्धतीने, एकाच वेळी घेतले व साठविले काय? यंत्रावरील क्रम सरमिसळ ठेवला होता काय? दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निष्कर्ष आला काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाच्या लक्षणांत काही फरक पडला काय?

फार्मसीचालकांना या तुलेचा उपयोग प्रोटिओमिक्सपेक्षा अधिक निकडीच्या जागी आहे. वेदनाशामक म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णात कोणी स्टिरॉइड मिसळले असेल, तर द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर ते पकडतो. जड धातूंसाठी आयसीपी-एमएस ही पद्धत आहे. वानस्पतिक औषधांसाठी शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष या मर्यादा आपल्याला परिचित आहेत. निर्यातीसाठी अशी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. रसौषधींबाबत मात्र एक सावधगिरी बाळगावी. ही तपासणी एकूण पारा किती, एवढेच सांगते. तो कोणत्या संयुगाच्या रूपात आहे, हे सांगत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तनासारखी वेगळी परीक्षा लागते. तेव्हा अशा एका अहवालावरून आपले औषध विषारी ठरवू पाहणारा जसा घाई करतो, तसाच त्याच अहवालावरून ते निर्धोक म्हणणाराही.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. मास स्पेक्ट्रोमीटरने आपल्या प्रत्यक्षाची कक्षा रेणूपर्यंत नेली, यात संशय नाही. परंतु अनेक कारणांचा मेळ घालून निर्णय करणारी युक्ती अजूनही वैद्यालाच चालवावी लागते. आमच्या शिक्षक रुग्णांनी परवा येऊन पुन्हा एक पत्रक पुढे केले. या वेळी गोळ्या बंद करण्यापूर्वी त्यांनी मला विचारले आणि मी उत्तर देण्यापूर्वी निर्मात्याला दूरध्वनी केला.